खोली अर्धी सोडून बाहेर येता आलं पाहिजे

प्रश्न: माझी धाकटी बहीण चार महिन्यांपासून एका हॉटेलात रूम अटेंडंट आहे. गेल्या आठवड्यात ती खोली आवरत असताना गेस्ट परत आला, ‘तुमचं चालू द्या’ म्हणाला, दारातली ट्रॉली बाहेर ढकलली आणि दार लावून घेतलं. ती हातातलं सामान तिथंच टाकून बाहेर पळाली. पुढं काही झालं नाही. सुपरवायझर म्हणाले, ‘या लाइनीत असं चालायचंच. त्यानं हात लावला का तुला?’ वर खोली अर्धी सोडली म्हणून बोलणी खावी लागली ती वेगळीच. घरचे म्हणतात, नोकरी सोड. तिला काम आवडतं. तिनं काय करावं? आणि अशा वेळी हॉटेलनं नक्की काय करायला हवं?

उत्तर:

तुमच्या बहिणीला आधी एवढं सांगा, की ती बाहेर आली हे बरोबरच केलं. सामान तिथं राहिलं, चादर अर्धी ताणलेली राहिली, काही बिघडलं नाही. चादर मागून कुणीही ताणतं. मी २६ वर्षं हाउसकीपिंगमध्ये काढली. रूम अटेंडंट म्हणून लागले, मग फ्लोअर सुपरवायझर झाले, शेवटची ११ वर्षं एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर, म्हणजे त्या विभागाची प्रमुख होते, आणि आता हॉटेलच्या स्टाफला सुरक्षिततेचं प्रशिक्षण देते. एवढ्या वर्षांत ‘मी उगीच बाहेर पळाले’ असं म्हणणारी एकही मुलगी मला भेटली नाही. ‘मी तेव्हाच बाहेर यायला हवं होतं’ असं म्हणणाऱ्या मात्र पुष्कळ भेटल्या.

‘हात लावला का?’ हा प्रश्नच चुकीचा आहे. एकटी बाई आत असताना मुद्दाम दार लावून घेणं, हीच घडलेली गोष्ट. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१९ साली कामाच्या जागी होणारी हिंसा आणि छळ यांवर करार क्रमांक १९० मंजूर केला. तो २५ जून २०२१ पासून अमलात आहे. त्यात हिंसेची जी व्याख्या आहे ती तुमच्या बहिणीच्या सुपरवायझरांना वाचून दाखवावी अशी आहे. प्रकार एकदाच घडला असला तरी तो धरायचा, नुसती धमकी असली तरी धरायची, आणि इजा झाली नसली तरी होण्याजोगी होती म्हणून धरायचा. त्रास देणारा सहकारीच असायला हवा असंही नाही. ग्राहक, पाहुणा, बाहेरचा माणूस यांच्याकडून होणारा त्रासही त्यात येतो. याच करारात आणखी एक कलम आहे, आणि माझ्या दृष्टीनं हॉटेलवाल्यांसाठी तेच सगळ्यात मोलाचं. हिंसेमुळे जिवाला किंवा आरोग्याला तातडीचा, गंभीर धोका आहे असं मानायला कामगाराकडे सबळ कारण असेल, तर त्याला ती जागा सोडून जाण्याचा हक्क आहे, आणि त्याबद्दल त्याला शिक्षा करता येत नाही. करार मान्य केलेल्या देशांवर तो बंधनकारक असतो हे खरं. पण हॉटेलचं वागणं बरोबर की चूक हे ठरवायला ही कसोटी कुठंही लावता येते. त्याला जोडलेल्या शिफारस क्रमांक २०६ मध्ये जास्त जोखमीची कामं म्हणून रात्रपाळी, एकट्यानं करायचं काम आणि आदरातिथ्याचा व्यवसाय यांची नावं घेतली आहेत. रात्री टर्नडाउनला, म्हणजे गेस्टचं अंथरूण झोपण्यासाठी तयार करून द्यायला एकट्या जाणाऱ्या रूम अटेंडंटला तिन्ही एकदम लागू होतात.

हॉटेलच्या खोलीतच एवढी जोखीम का, हे एकदा नीट बघू. बँकेत, दुकानात, दवाखान्यात ग्राहक आणि कर्मचारी यांच्यामध्ये काहीतरी असतं. काउंटर असतो, आजूबाजूला माणसं असतात. इथं तुमच्या बहिणीची कामाची जागा म्हणजे दुसऱ्याची झोपायची खोली. आगीच्या नियमांमुळे खोल्यांची दारं जड असतात आणि हात सोडला की आपोआप बंद होतात. शेजारच्यांचा आवाज येऊ नये म्हणून भिंती आणि दारं तशीच केलेली असतात, त्यामुळे आतली हाकही बाहेर जात नाही. कॉरिडॉरमध्ये कार्पेट असल्यामुळे येणाऱ्याच्या पावलांचा आवाज होत नाही. त्यात व्हॅक्यूम चालू असेल तर काहीच ऐकू येत नाही. बाथटब घासताना आपण गुडघ्यांवर असतो, डोकं खाली, पाठ दाराकडे. मी वर्षानुवर्षं अशी बसले आणि ही बसण्याची जागा धोक्याची आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

माझा स्वतःचा प्रसंग सांगते. नोकरीला दोन वर्षं झाली होती. दुपारचे दोन वाजले होते, यादीतल्या अजून चार खोल्या बाकी होत्या. मी दार वाजवलं, आवाज दिला, आतून ‘या’ आलं. गेस्ट टॉवेल गुंडाळून खुर्चीत बसलेला होता. म्हणाला, ‘तुम्ही करा तुमचं काम, मला काही अडचण नाही.’ मी आत गेले. का गेले, ते आजही मला स्वच्छ आठवतं. परत यायचं म्हटलं असतं तर ती खोली शेवटी आली असती, चार वाजता शिफ्ट संपेपर्यंत यादी पुरी झाली नसती, आणि दुसऱ्या दिवशी ब्रीफिंगमध्ये सगळ्यांसमोर नाव घेतलं गेलं असतं. बेड करत असताना तो उठून माझ्या आणि दाराच्या मध्ये येऊन उभा राहिला. टॉवेल खाली पडला. मी हातातली उशी त्याच्या अंगावर फेकली आणि बाजूनं निसटले. पॅन्ट्रीत येऊन बसले तेव्हा हात एवढे कापत होते की पाण्याचा ग्लास धरता येईना. सुपरवायझरनं आधी विचारलं, ‘खोली झाली का?’

म्हणून माझं ठाम मत आहे की खोल्यांचा आकडा हा सुरक्षिततेचा प्रश्न आहे. व्यवस्थापन त्याला कामाच्या वेगाचा प्रश्न समजतं. दिवसाला किती खोल्या दिल्या आहेत यावर ठरतं, की गेस्ट आत असताना मुलगी ‘नंतर येते’ म्हणू शकते की नाही. आकडा घट्ट बसवलेला असेल तर नियमाच्या वहीत काहीही लिहा, ती आत जाणारच. मी एक्झिक्युटिव्ह हाउसकीपर झाल्यावर पहिल्यांदा कामाच्या शीटवर एक वेगळा रकाना घेतला: ‘सोडून आले’. कारण लिहायची सक्ती नाही. सोडून आलेली खोली तिच्या यादीतून त्याच क्षणी कमी करायची, आणि तिथं नंतर दोघांनी मिळून जायचं. काही व्यवस्थापकांना वाटलं मुली याचा फायदा घेतील. कुणी घेतला नाही. महिन्यातून दोन-तीन खोल्या त्या रकान्यात यायच्या, आणि त्या कुठल्या गेस्टच्या आहेत ते बघितलं की आम्हाला बरंच काही कळायचं.

हे फक्त तुमच्या बहिणीचं किंवा माझं नशीब नाही. शिकागोमध्ये २०१६ साली युनाइट हिअर या कामगार संघटनेच्या लोकल १ शाखेनं हॉटेल आणि कसिनोत काम करणाऱ्या जवळपास ५०० स्त्रियांना विचारलं. हॉटेलातल्या ५८ टक्के जणींनी गेस्टकडून लैंगिक त्रास झाल्याचं सांगितलं. खोल्या आवरणाऱ्यांपैकी ४९ टक्के जणींसमोर गेस्टनं नग्न अवस्थेत दार उघडलं होतं किंवा अंग उघडं केलं होतं. हा एका शहरातल्या एका संघटनेनं केलेला पाहणी अहवाल आहे, तो सगळ्या जगाला लावू नये. पण मी प्रशिक्षणात खोलीभर मुलींना डोळे मिटून हात वर करायला सांगते तेव्हा वर येणारे हात त्यापेक्षा कमी नसतात.

आता तिनं रोज काय करावं ते सांगते. दार बोटांनी वाजवायचं, चावीनं किंवा पेननं टकटक करायची नाही. हातभर अंतर ठेवून, दारासमोर न चिकटता बाजूला उभं राहायचं. ‘हाउसकीपिंग’ असं मोठ्यानं म्हणायचं, थांबायचं, असं तीनदा. मग दार वीतभर उघडून पुन्हा एकदा आवाज. आत पाऊल टाकण्याआधी डोळ्यांनी बघून घ्यायचं: दारापाशी बूट आहेत का, दिवा चालू आहे का, बाथरूमचं दार लावलेलं आहे का, आतून पाण्याचा आवाज येतोय का. शंका आली की दार ओढून घ्यायचं आणि पुढच्या खोलीकडे जायचं. खोली रिकामी वाटली तरी काम सुरू करण्याआधी बाथरूम, बाल्कनी, कपाटामागची जागा बघून यायचं. एवढ्याला अर्धा मिनिटही लागत नाही.

काम करताना दार उघडं ठेवावं की बंद, यावर आमच्या क्षेत्रात एकमत नाही. उघडं ठेवून ट्रॉली आडवी लावली तर बाहेरच्यांना दिसतं आणि हाक ऐकू जाते, पण कॉरिडॉरमधून कुणीही आत डोकावू शकतं, आणि ट्रॉली आपल्याच बाहेर पडण्याच्या वाटेत येते. बंद ठेवलं तर कुणी आत घुसत नाही, पण आत कोण आहे ते कुणाला कळत नाही. माझं मत असं: मजल्यावर दुसरं कुणी काम करत असेल तर दार उघडं आणि ट्रॉली बाहेर भिंतीला समांतर, माणूस निघू शकेल एवढी फट ठेवून. मजल्यावर एकटी असेल आणि खोली रिकामी असल्याची खात्री केलेली असेल, तर दार बंद करून आतून लॅच. दोन्ही वेळा गेस्ट आत असेल तर काम नाहीच. तो कितीही सज्जन वाटला तरी नाही. नियम सगळ्यांना सारखा असला की कुणाला वाईटही वाटत नाही.

गेस्ट मध्येच परत आला, तुमच्या बहिणीच्या बाबतीत झालं तसं, तर तिनं हसून एकच वाक्य म्हणायचं: ‘सर, एकदा आपलं कार्ड दाराला लावून बघता का?’ कार्ड चाललं म्हणजे खोली त्याची. नाही चाललं तर त्यानं रिसेप्शनला जायचं. उघड्या दारातून ‘ही माझीच खोली’ म्हणत आत येणारा प्रत्येक माणूस तिथला गेस्ट असतोच असं नाही; चोऱ्या अशाही होतात. कार्ड चाललं की पुढचं वाक्य: ‘आपलं झालं की कळवा, मी नंतर येते.’ आणि बाहेर. दाराजवळची बाजू कधी सोडायची नाही. गेस्ट आत येताना आपण त्याला वाट देत देत खिडकीकडे सरकतो, ही सवय मोडायला लागते. व्हॅक्यूम आतल्या टोकापासून दाराकडे करत यायचं, म्हणजे संपतो तेव्हा आपण दारात असतो.

मास्टर कार्ड, म्हणजे मजल्यावरच्या सगळ्या खोल्या उघडणारं कार्ड, ट्रॉलीवर ठेवायचं नाही आणि गळ्यातही घालायचं नाही. गळ्यातली दोरी कुणी मागून ओढली तर तीच फास होते. घालायचीच असेल तर झटका बसला की सुटणारी क्लिप असलेली घ्यावी. त्यापेक्षा कमरेला, खिशात बरं. कुणी ‘माझी खोली उघडून द्या’ म्हटलं तर उघडायची नाही, मग तो सूटबुटातला माणूस असो की रडणारी बाई. रडणाऱ्या बाईच्या बाबतीत तर जास्तच सावध राहायचं, आणि आत नवऱ्यापासून लपून राहिलेली एखादी बाई असू शकते हेही लक्षात ठेवायचं. कार्ड हरवलं तर त्याच मिनिटाला कळवायचं. इथं हॉटेलचीही एक जबाबदारी आहे: हरवलं म्हणून दंड कापणारं हॉटेल स्वतःच्या हातानं धोका वाढवतं. दंडाच्या भीतीनं मुलगी दोन तास एकटीच शोधत बसते, आणि ते कार्ड तेवढा वेळ मजल्यावरचं प्रत्येक दार उघडत असतं.

पॅनिक बटणाबद्दल, म्हणजे धोक्याच्या वेळी मदत बोलवायला दाबायच्या बटणाबद्दल, हल्ली सगळे विचारतात. २०११ साली न्यूयॉर्कच्या एका हॉटेलातल्या रूम अटेंडंटनं एका बड्या पाहुण्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. फौजदारी आरोप पुढं मागं घेतले गेले, दिवाणी दाव्यात तडजोड झाली, पण खोलीत एकटीनं काम करणाऱ्या बाईच्या सुरक्षिततेचा विषय जगभर बोलला गेला. २०१२ साली न्यूयॉर्कमधल्या हॉटेल कामगारांच्या करारात अशी बटणं देण्याचं मान्य झालं. शिकागोच्या नगरपालिकेनं ऑक्टोबर २०१७ मध्ये नियम केला आणि १ जुलै २०१८ पर्यंत हॉटेलांना बटणं देणं भाग पडलं. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये अमेरिकेतल्या मोठ्या हॉटेल साखळ्यांनी मिळून ती देण्याचं जाहीर केलं. बटण हवंच. पण बटण दिलं की झालं, असं समजणाऱ्या हॉटेलांची मला काळजी वाटते.

एका हॉटेलात प्रशिक्षणाला गेले होते. बटणं नवीकोरी होती, सगळ्यांच्या कमरेला लावलेली. मी एका मुलीला म्हटलं, सर्व्हिस लिफ्टजवळच्या लिनन रूममध्ये (चादरी-टॉवेल ठेवतात तिथं) जा आणि दाब, बाकी कुणाला सांगू नकोस. आम्ही सुरक्षा कक्षात घड्याळ लावून बसलो. स्क्रीनवर इशारा आला, पण मजला वरचा दाखवत होता. ड्यूटीवरचा माणूस वरच्या मजल्यावर गेला, दोन कॉरिडॉर फिरला, वॉकीटॉकीवर ‘इथं कुणी नाही’ म्हणाला आणि परत यायला निघाला. मुलगी खाली वाट बघत उभी होती. नऊ मिनिटं. त्या मुलीनं वर आल्यावर मला विचारलं, ‘मॅडम, खरं असतं तर?’ इमारतीच्या आत जीपीएसवर विसंबता येत नाही, मजला तर त्याला धडपणे कळतच नाही. त्यासाठी प्रत्येक मजल्यावर आणि बेसमेंटमध्ये सिग्नल पकडणारी छोटी उपकरणं बसवावी लागतात. लिफ्ट, लॉन्ड्री, कोल्ड रूम, जिन्याखालची स्टोअर, पार्किंग, हे कोपरे हमखास राहून जातात. तेव्हा तुमच्या बहिणीच्या हॉटेलात बटण असेल तर तिनं विचारावं: दाबलं तर कुणाकडे वाजतं? तो माणूस जेवायला गेला तर कुणाकडे? शेवटची चाचणी कधी झाली? आणि चुकून दाबलं गेलं तर ओरडा बसतो का? ओरडा बसत असेल तर खऱ्या वेळीही ती दाबायला कचरेल.

‘डू नॉट डिस्टर्ब’च्या पाटीबद्दलही सांगते, कारण त्यात दोन्ही बाजूंनी चूक होते. पाटी आहे म्हणून दिवसेंदिवस खोलीत कुणीच जायचं नाही, हा जुना रिवाज होता. १ ऑक्टोबर २०१७ ला लास व्हेगासमध्ये हॉटेलच्या ३२व्या मजल्यावरून एका गेस्टनं खालच्या गर्दीवर गोळीबार केला. तो काही दिवस तिथं राहून खोलीत बंदुका जमवत होता. त्या रात्री मजल्यावर गेलेल्या हॉटेलच्या सुरक्षारक्षकाच्या पायाला गोळी लागली, आणि तशा अवस्थेतही त्यानं मागून येणाऱ्या देखभाल कर्मचाऱ्याला सावध केलं. त्यानंतर अनेक साखळ्यांनी नियम बदलले: पाटी ठरावीक वेळेपेक्षा जास्त लागलेली राहिली, साधारण २४ तास, की चौकशी करायची. नियम चांगला आहे. पण ती चौकशी रूम अटेंडंटवर ढकलायची नाही. आधी फोन, मग ड्यूटी मॅनेजर आणि सुरक्षारक्षक, दोघं मिळून. दार वाजवून चौकटीच्या बाजूला, भिंतीच्या आडोशाला उभं राहायचं. आतून भांडणाचा, मारहाणीचा आवाज येत असेल तर रूम अटेंडंटनं दार वाजवायचंच नाही. तिथून दूर जाऊन खोली नंबर कळवायचा.

सुरक्षिततेच्या अभ्यासात कामाच्या जागची हिंसा चार प्रकारची मानतात: चोरी-दरोड्यासाठी आलेल्या परक्याची, ग्राहकाची, सहकाऱ्याची, आणि घरातलं भांडण कामाच्या जागी येतं ती. हॉटेलं कॅमेरे लावतात ते पहिल्या प्रकारासाठी. तिथं मुख्य जोखीम रात्रपाळीच्या रिसेप्शनवर असते. मध्यरात्रीनंतर दार बंद ठेवून बेल वाजल्यावर बघून उघडणं, गल्ल्यात थोडीच रोकड ठेवून बाकीची लगेच तिजोरीच्या फटीतून आत टाकणं, काउंटरमागून बाहेर पडायला दुसरं दार असणं, एवढ्यानं बराच फरक पडतो. दरोडा पडलाच तर पैसे देऊन टाकायचे. हॉटेलचा गल्ला वाचवण्यासाठी कुणी जीव धोक्यात घालू नये, हे मालकानं तोंडानं बोलून दाखवायला हवं. रिसेप्शनवर खोलीचा नंबर मोठ्यानं उच्चारायचा नाही, लिहून द्यायचा. यात गेस्टचीही काळजी आहे. बारमध्ये दारू थांबवण्याचा अधिकार वेटरला हवा, आणि त्यानं नाही म्हटल्यावर मॅनेजरनं येऊन ‘द्या हो एक शेवटची’ म्हणायचं नाही. तो वेटर त्या टेबलासमोर त्यानंतर कायमचा कमजोर होतो.

सहकाऱ्यांच्या हिंसेबद्दल कुणी बोलत नाही. लिनन रूममध्ये मी जेवढ्या रडणाऱ्या मुली पाहिल्या त्यांतल्या निम्म्यांचं कारण गेस्ट नव्हता. सुपरवायझर होता, शिफ्ट लावणारा होता, ‘परमनंट करतो’ म्हणणारा होता. किचनमध्ये गरम तवे, सुऱ्या आणि घाई असते, आणि तिथं शिवीगाळ, ढकलाढकली ही कामाची रीत म्हणून खपवली जाते. मुलांचंही सांगते. रूम बॉय, बेल बॉय, स्टुअर्ड यांनाही गेस्ट मारतात, त्यांच्याशीही घाणेरडं वागतात. एका रूम बॉयनं मला तो प्रसंग सात महिन्यांनी सांगितला, तोही सामान मोजत असताना, माझ्याकडे न बघता. पुरुषानं काय तक्रार करायची, असं त्याला वाटत होतं. एजन्सीमार्फत आलेल्यांना तर तक्रार हॉटेलकडे करायची की एजन्सीकडे हेच माहीत नसतं. दोघांकडे करायची, लेखी.

बाकीच्या धोक्यांचं थोडक्यात सांगते, कारण तेही रोजचे आहेत. कचऱ्याची पिशवी हातानं दाबायची नाही, गादीखाली न बघता हात घालायचा नाही. सुया, ब्लेड, फुटलेली काच असते. ब्लीच आणि संडास साफ करायचं अॅसिड कधीही एकत्र करायचं नाही, त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो. जड गादी एकटीनं उचलायची नाही.

आता या आठवड्यातलं काम. तिनं घडलेलं सगळं आजच लिहून काढावं: तारीख, वेळ, खोली नंबर, तो काय म्हणाला ते त्याच्याच शब्दांत, तिनं काय केलं, कुणाला कधी सांगितलं, ते काय म्हणाले. एक प्रत एचआरला किंवा जनरल मॅनेजरला द्यावी आणि मिळाल्याची सही किंवा ईमेलचं उत्तर जपून ठेवावं. त्यातच मागणी करावी की त्या दिवसाचं कॉरिडॉरचं सीसीटीव्ही आणि त्या दाराच्या कुलपाची नोंद जतन करा. याला उशीर करू नका. सीसीटीव्हीवर ठरावीक दिवसांनी नवं रेकॉर्डिंग चढतं आणि जुनं पुसलं जातं. इलेक्ट्रॉनिक कुलपात कुठलं कार्ड किती वाजता लागलं याची नोंद असते, पण तीही मर्यादित जागेत. तिचं कार्ड किती वाजता लागलं, त्याचं किती वाजता, आणि ट्रॉली ढकलली जाऊन दार किती वाजता बंद झालं, एवढं दिसलं तरी ‘तिचा गैरसमज झाला असेल’ हे वाक्य कुणाला म्हणता येणार नाही. तो गेस्ट अजून राहत असेल तर त्याच्या खोलीत ती किंवा दुसरी कुणीही मुलगी एकटी जाणार नाही, हेही लेखी मागावं. तिला दुसरा मजला हवा असेल तर मिळावा, पण शिक्षा म्हणून नको: कमी टिपच्या मजल्यावर किंवा नको असलेल्या शिफ्टला टाकलं तर ती शिक्षाच. उद्या, देव न करो, कुणी अंगाला हात लावला तर कपडे धुवायचे नाहीत, आंघोळ करायची नाही, आधी दवाखाना आणि पोलीस. हॉटेलची अंतर्गत चौकशी त्यानंतर.

घरी तिला कुणी ‘तू आत गेलीसच का’ असं विचारू नका. आत जाणं हे तिचं काम आहे. काही दिवस बंद दाराची भीती वाटेल, झोपेत दचकेल. दोघींच्या जोडीनं काम मिळालं तर बहुतेक वेळा ते कमी होतं. नाही झालं तर समुपदेशकाकडे न्या.

नोकरी सोडायची का? माझं मत विचाराल तर आज नको. तक्रार द्या आणि दोन आठवडे बघा. तिला बोलावून शांतपणे ऐकून घेतलं, रेकॉर्डिंग काढलं, सुपरवायझरला समज दिली, तर ते हॉटेल राहण्यासारखं आहे. चुका सगळीकडे होतात, त्या दुरुस्त करणारी माणसं कमी असतात. तक्रार मागं घे म्हणाले, शिफ्ट बदलून छळायला लागले, किंवा अर्धी खोली पुन्हा तिच्या अंगावर घातली, तर तिनं दुसरीकडे अर्ज टाकावा, आणि कायद्यानं मिळणारी दाद मागण्याची वाटही सोडू नये. चांगल्या रूम अटेंडंटला काम मिळतं. नव्या हॉटेलात मुलाखतीला गेली की पगाराच्या आधी तिनं हे विचारावं: ‘खोली सोडून बाहेर आले तर माझ्या यादीतून ती कमी होते का?’ समोरच्याला प्रश्न कळायला किती वेळ लागतो, ते बघावं.

तक्रारीची सुरुवात कशी करावी असं वाटत असेल तर हे वापरा. ‘मी अमुक तारखेला अमुक खोलीत काम करत असताना गेस्टनं दारातली ट्रॉली बाहेर ढकलून दार लावून घेतलं. मला धोका वाटला म्हणून मी काम थांबवून बाहेर आले. ही खोली अर्धी राहिल्याबद्दल मला जे बोललं गेलं ते मागं घ्यावं, आणि त्या दिवसाचं सीसीटीव्ही व कुलपाची नोंद जतन केल्याचं मला लेखी कळवावं.’ खाली तिची सही, तारीख, आणि अर्ज दिल्याची वेळ.